भट्टीच्या वरची खोली

माझी मुलगी नऊ महिन्यांची असताना तिचं वजन सात किलो झालं आणि तिथंच थांबलं. दहाव्या महिन्यात सात. अकराव्यात सातच्या जरा वर. वर्षाची झाली तेव्हा पुन्हा सात. अंगणवाडीच्या टीचर तिला काट्याच्या झोळीत बसवायच्या, आकडा बघायच्या, मग झोळी जरा हलवून पुन्हा बघायच्या. त्यांच्याकडे तक्ता होता, त्यावर टिंब द्यायच्या. पहिली टिंबं वर चढत गेली होती. नंतरची आडवी चालली होती, आणि तशी आडवी चालता चालताच हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात गेली होती. मला तमिळ वाचता येत नाही, पण रंग कळतो.

"काय मा, काय देतेस हिला खायला?" टीचर विचारायच्या.

"सादम," मी म्हणायचे. भात.

"अजून?"

"परुप्पु." डाळ.

"अंडं? केळं? आम्ही देतो ते पीठ?"

मी मान हलवायचे. मागे रांगेत पाच-सहा बाया आपापली गुटगुटीत पोरं घेऊन उभ्या असायच्या. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. सगळं देते हो, दिवसभर वाटी घेऊन मागे फिरते, तोंड उघडत नाही पोरगी, हे मला मराठीत सांगायलाही जमलं नसतं, तमिळमध्ये कुठलं. मी मुलीला कडेवर घ्यायचे आणि भिंतीच्या कडेकडेनं घरी यायचे.

घर म्हणजे एक खोली, साहुकारपेटमध्ये, गल्लीच्या आत गल्ली आहे तिथं. खाली गलईचं दुकान, वर आम्ही. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी माणसं या धंद्यात बाहेर असतात. कोण दिल्लीला, कोण कोचीला, कोण नेपाळच्या हद्दीला. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायची. आमचे हे सोळाव्या वर्षी मद्रासला आले. गावाकडे अजून मद्रासच म्हणतात. दुकान ह्यांच्या लांबच्या काकांचं. लग्न झालं आणि मी सरळ त्या खोलीत आले.

पहिल्या आठवड्यातच काकींनी मला घर कसं झाडायचं ते शिकवलं. मला वाटलं होतं, झाडायला काय शिकायचं. पण तिथं केरसुणी चालत नव्हती. मऊ कुंच्यानं हळूहळू, धूळ उडू न देता, कोपऱ्यातून दाराकडे झाडायचं. केर बाहेर टाकायचा नाही. दाराआड पत्र्याचा डबा होता, त्यात साठवायचा. फडक्यानं फरशी पुसली तर ते फडकं मोठ्या टपातच पिळायचं. ह्यांचे कपडेही त्याच टपात धुवायचे, आणि ते पाणी मोरीत ओतायचं नाही. दोन दिवस तसंच ठेवायचं. खाली गाळ बसला की वरचं पाणी हळूच काढायचं आणि गाळ डब्यात. ह्यांच्या कपड्यांतून, केसांतून, चपलांतून सोन्या-चांदीचा कण येतो, तो फुकट जाऊ द्यायचा नाही. वर्षातून एकदा हा सगळा साठलेला केर-गाळ, न्यारा म्हणतात त्याला, भट्टीत जातो आणि त्यातून निघतं ते घरच्या बाईचं.

"हा केर नाही गं," काकी म्हणाल्या होत्या. "हे तुझं मंगळसूत्र आहे असं समज."

मी फार मन लावून शिकले. मला कधी कुणी कशात हुशार म्हटलं नव्हतं. पण पहिल्या वर्षाचा न्यारा गाळल्यावर काकींनी सगळ्यांसमोर सांगितलं की हिच्यासारखी झाडणारी सून अजून आली नाही. ते ऐकून मी दोन दिवस हवेत होते.

दुसरी गोष्ट काकींनी शिकवली ती अशी, की बाहेर कोणी विचारलं तर नवरा दुकानात कामाला आहे म्हणायचं. कसलं दुकान, ते सांगायचं नाही. घरात सोनं असतं असं कोणाच्या कानावर गेलं तर एक दिवस गळ्यावर सुरी येईल. ही गोष्ट तर मला शिकवायलाच नको होती. न बोलणं मला जन्मापासून येतं.

मुलगी रांगायला लागली ती त्याच फरशीवर. मी घासून पुसलेल्या, धूळ न उडवलेल्या फरशीवर. टपाच्या काठाला धरून ती पहिल्यांदा उभी राहिली. पाण्यात हात मारायची, मग तोच हात तोंडात. ओठांच्या कडेला राखाडी काहीतरी लागलेलं असायचं, मी पदरानं पुसायचे. आम्ही दोघं हसायचो. हे म्हणायचे, "बघ, आत्तापासून गाळ काढायला लागली."

एक वर्ष झालं तरी ती चालेना. जे दोन-तीन शब्द यायचे तेही कमी झाले. पोट टणक व्हायचं, चार-चार दिवस शी व्हायची नाही. पाय पोटाशी घेऊन रडायची. नखं पांढरी. भिंतीचा पोपडा निघालेला असायचा तिथं जाऊन चाटायची, आणि मी नाचणीची पेज, मुगाचं कढण, अंड्याचा बलक, केळं कुस्करून, जे जे म्हणून कोणी सांगेल ते घेऊन बसायचे. ती ओठ घट्ट मिटून मान फिरवायची. एखादा घास गेला तरी उलटून पडायचा. माझ्या अंगावर, तिच्या अंगावर. मग मी ते पुसायचे आणि दुसरी वाटी भरायचे. कधी कधी मी तिचं नाक धरून चमचा आत घातला आहे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

सासूबाई फोनवर असायच्या. हे फोन मोठ्या आवाजावर लावायचे, म्हणजे सगळं मलाही ऐकू यायचं.

"मुडदूस झालाय पोरीला. हिचं दूध पातळ असणार."

"अळीव पाठवलेत ना, आई."

"अळिवानं काय होतंय? तिच्या माहेरची अंगकाठीच तसली. तिचा भाऊ बघितलास की, फुंकर मारली तर पडेल. आणि ही बोलते का पोरीशी? गप्प बसणाऱ्या बाईचं पोर कुठनं बोलायचं?"

हे फोन ठेवून माझ्याकडे बघायचे फक्त. मी अळिवाची खीर खाल्ली, डिंकाचे लाडू खाल्ले, लसूण भाजून खाल्ला. माझंच अंग सुटत गेलं. अंगावरचं दूध प्यायला ती नाही म्हणत नव्हती, पण जरा पिऊन थकायची. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे आणि ते पोरीला कळलं आहे.

आमच्या समोरच्या जिन्याखाली एक अक्का ब्लाउज शिवायच्या. तंजावरकडच्या मराठी. त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. मला म्हणायचं तर त्या मज म्हणायच्या, आणि वाक्य संपताना आवाज तमिळसारखा वर जाऊन थांबायचा. त्या मला हसायच्या. "तुझी मराठी पळत येते गो. आमची राजाच्या काळची, पालखीत बसून येते." मद्रासमध्ये मी ज्यांच्याशी बोलायचे अशा त्या एकट्याच. त्यांनीच एक दिवस मशीन थांबवून मुलीचा दंड दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाल्या, "डॉक्टरकडे कां नेत नाहीस? वाळली की ही."

त्यांनीच मला जवळच्या एका डॉक्टरकडे नेलं. तिथं फार गर्दी होती. डॉक्टर चांगले होते, घाईत होते, पण वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, गरोदरपण कसं गेलं, जन्माचं वजन किती, किती दिवस अंगावर पाजलं, पाणी उकळता का, संडास घरात आहे का, जंतांची गोळी दिली का. अक्का सांगत होत्या. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "अप्पा काय काम करतात?"

हे मला कळलं, अप्पा म्हणजे पोरीचे वडील. मी म्हणाले, "कडै." दुकान.

"कसलं दुकान?"

मी खाली बघितलं. अक्कांनाही ठाऊक नव्हतं, त्यांना वाटत होतं खाली नुसतं भांड्यांना डाग देतात. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. डॉक्टरांनी थोडी वाट बघितली. मागच्या बाईचं मूल मोठ्यानं रडायला लागलं. मग त्यांनी कागदावर टॉनिक लिहिलं, रक्त वाढायचं औषध लिहिलं आणि पुढच्या महिन्यात या म्हणाले.

तो प्रश्न मला अजून ऐकू येतो. कसलं दुकान. दोन शब्दांचं उत्तर होतं. तेव्हा ती चौदा महिन्यांची होती. मी तेव्हा बोलले असते तर पुढचे सात महिने वाचले असते. आणि त्या वयातले सात महिने म्हणजे काय, ते मला आता माहीत आहे.

दीड वर्षाची असताना तिला उलट्या थांबेनात. सकाळपासून हिरवं पाणी पडत होतं, दुपारी मान टाकली. हे भट्टीवर होते. मी पोरीला घेऊन अक्कांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी पोरीकडे बघितलं, पायात चपला घातल्या आणि रिक्षा थांबवली. एग्मोरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. सलाईन लावलं आणि दोन दिवसांनी आम्हाला कमी वजनाच्या मुलांच्या वॉर्डात नेलं.

त्या वॉर्डात सगळं मोजून होतं. किती दूध दिलं, किती प्यायलं, किती ओकलं. दर दोन तासांनी एक सिस्टर यायच्या. माझ्या शेजारच्या खाटेवर एन्नोरकडची एक कोळीण होती, तिचं मूल माझ्या मुलीहून लहान. ती दिवसभर बोलायची, मी ऐकायचे. तिला वाटायचं मी मुकी आहे. तिनं तसं सिस्टरला सांगितलंही, आणि सिस्टर माझ्याशी हातवारे करून बोलायला लागल्या. मी तेही चालवून घेतलं.

पाचव्या की सहाव्या दिवशी मुलीनं स्वतःहून तोंड उघडलं. वाटी जवळ आली तशी तिनं आ केला. मी सिस्टरचा हात धरला. "पारुंग, पारुंग," बघा, बघा, मी म्हणाले. "अय्यो, ही बोलते!" कोळीण ओरडली आणि अख्खा वॉर्ड हसला. मीही हसले. तीन आठवड्यांत पोरगी आठ किलोच्या जवळ गेली. खाटेला धरून चालायला लागली. वॉर्डातली डॉक्टरीणबाई म्हणाली, घरी असंच खायला घाल. मी हो म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

घरी आले तर तीन आठवड्यांत खोलीत धूळ साठली होती. ह्यांनी झाडलं नव्हतं. म्हणजे मुद्दामच, की कण वाया जाऊ नयेत, तू आल्यावर तूच झाड. मी मुलीला खाली बसवलं आणि कुंचा घेतला.

महिन्यानं वजन साडेसात. पुन्हा ओठ मिटले. पुन्हा पोट टणक.

हे सगळ्यात वाईट होतं. आधी कोणाला काही कळत नव्हतं, आता सगळ्यांना कळलं. दवाखान्यात खाते, घरी खात नाही. तर दोष कोणाचा? अंगणवाडीच्या टीचर म्हणाल्या, "तिथं खाते आणि तुझ्याकडे कां नाही मा? तू झोपतेस का दुपारी?" सासूबाई म्हणाल्या, "पोर दुसऱ्याच्या हातानं वाढतंय, आईच्या हाताला यश नाही." हे फोन ठेवल्यावर म्हणाले, "खरं सांग. तू देतेस ना तिला? का कंटाळा करतेस?"

मला वाटायला लागलं होतं की ते खरं असेल. मी देते असं मला वाटतं, पण कदाचित देत नसेन. मी वाट्या मोजायला लागले. घास मोजायला लागले. दिवसाला किती घास आत गेले ते खडूनं दाराच्या मागे लिहायचे, आणि संध्याकाळी ह्यांना दाखवायचे. ते बघायचे नाहीत. एकदा मनात आलं, हिला त्या कोळणीलाच देऊन टाकावं. ती बोलेल तरी हिच्याशी. असं मनात येऊन गेलं, आणि मुलगी माझ्या मांडीवर होती, माझ्याच पदराशी खेळत होती.

दुसऱ्यांदा दवाखान्यात गेलो तेव्हा हे बरोबर होते. डॉक्टरीणबाई तीच, तरुण होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिनं मुलीच्या गुडघ्याचा फोटो काढायला लावला. फोटो उजेडाला धरून खूप वेळ बघत राहिली. हाडाच्या टोकाला पांढरी रेघ होती. तिनं बोटानं दाखवली. मला तर सगळंच पांढरं दिसत होतं. मग तिनं ह्यांना विचारलं, "घरात बॅटरीचं काम होतं का? जुना रंग खरवडलाय? जवळ कारखाना?"

"नाही," हे म्हणाले. ह्यांचं तमिळ चांगलं आहे.

"तुम्ही काय काम करता?"

"दुकानात आहे."

"कसलं?"

"असंच. भांड्यांचं."

त्या बाईनं पेन खाली ठेवलं. ती रागावली नाही. म्हणाली, "हे बघा, या मुलीच्या अंगात बहुतेक ईयम आहे. ते कुठून येतं हे मला कळलं नाही तर मी औषध देईन, ती बरी होईल, तुम्ही घरी न्याल आणि ती परत येईल. किती वेळा परत येऊ शकेल, ते मी सांगू शकत नाही."

ईयम म्हणजे शिसं. हा शब्द मला माहीत होता. दुकानात माल यायचा तेव्हा हमाल खालून ओरडून विचारायचा, ईयम कुठं ठेवू. चांदी शुद्ध करायची तर तिच्यात शिसं घालून आगीवर ठेवतात. शिसं चांदीतली सगळी घाण ओढून घेतं आणि आगीत निघून जातं, चांदी राहते. हे मी शंभर वेळा ऐकलं होतं. निघून कुठं जातं हे मी कधी विचारलं नाही. ते जिन्यानं वर येत होतं. ह्यांच्या सदऱ्यात, केसांत, चपलांत. आणि मी ते मऊ कुंच्यानं गोळा करत होते, पाण्यात बसवत होते, डब्यात जपत होते.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. गप्प रहा असं बघितलं. लग्न झाल्यापासून चारचौघांत मी ह्यांच्या विरुद्ध शब्द काढलेला नव्हता. दोघंच असतानाही नव्हता.

"ईयम," मी म्हणाले. "वीटुक्कु कीळे." घराच्या खाली. मग तमिळ संपलं. मी मराठीतच सांगत सुटले. भट्टी, चांदी, शिसं, न्यारा, टप, फडकं, सगळं. डॉक्टरीणबाईला एक अक्षर कळत नव्हतं. तिनं ह्यांना सांगितलं, "त्या काय म्हणतायत ते मला सांगा." मग त्यांनी खाली मान घालून एकेक वाक्य तमिळमध्ये सांगितलं, जसं मी म्हटलं तसंच. टपाच्या पाण्याशी आल्यावर त्यांनी मुलीच्या हातांकडे बघितलं.

रक्त बाहेर तपासायला पाठवलं. जे निघालं ते बघून डॉक्टरीणबाईनं माझंही रक्त काढलं. माझ्यातही होतं. तिनं समजावून सांगितलं आणि ह्यांनी मला सांगितलं, की पोटात असतानाच तिला माझ्याकडून मिळालं असेल, दुधातूनही थोडं गेलं असेल, पण जास्त फरशीवरून. मूल हात तोंडात घालतं, आणि लहान अंगात ते मोठ्या माणसापेक्षा जास्त मुरतं. भूक मारतं, पोट दुखवतं, रक्त कमी करतं. आणि रक्त कमी असलं की शिसं आणखी मुरतं. ती खात नव्हती म्हणून ते चढत होतं, आणि ते चढत होतं म्हणून ती खात नव्हती.

"म्हणजे हिच्या हाताचा दोष नाही," हे डॉक्टरीणबाईला म्हणाले. विचारल्यासारखं म्हणाले.

"त्या तर जरा जास्तच स्वच्छ आहेत," ती म्हणाली.

तिनं चांगल्या मनानं म्हटलं. मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले.

औषधाच्या गोळ्यांना सडक्या अंड्याचा वास यायचा. गोळी फोडून केळ्यात कालवून द्यायची. तिच्या घामालाही तो वास यायला लागला. शेजारच्या खाटेवरची बाई नाक दाबून म्हणायची, तुझी पोरगी बदकाचं अंडं झाली. एकोणीस दिवस मी केळी कुस्करली. डॉक्टरीणबाईनं एकच अट घातली होती. त्या खोलीत मुलीला परत न्यायचं नाही.

ह्यांनी काकांना सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "शिसं म्हणे! माझ्या आज्यानं केलं, बापानं केलं, मी करतोय. आम्ही मेलो का? दवाखानेवाल्यांना काय, उद्या म्हणतील चुलीचा धूर खाऊ नका." हे मला ह्यांनीच येऊन सांगितलं, आणि पुढं म्हणाले, "मला दुसरं काम येत नाही गं." मी म्हणाले, "काम करा. तिथंच अंघोळ करा, कपडे तिथंच ठेवा. पण आम्ही वर राहणार नाही." इतकं मी लग्नानंतर एका दमात कधी बोलले नव्हते.

काकी दवाखान्यात आल्या, एकट्याच. माझ्या खाटेवर बसल्या, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, समजूत घालायला आल्या असतील. त्या पुष्कळ वेळ साडीचा काठ चाचपत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोटात असतानापण लागतं का गं ते?"

काकींचे तीन गेले होते, पोटातच. चौथ्याच्या वेळी त्या गावी राहिल्या, तो जगला. आम्ही सगळे म्हणायचो की गावचं पाणी मानवलं.

मी म्हणाले, "डॉक्टरीण म्हणते, लागतं."

त्या उठल्या आणि चालत्या झाल्या. त्यानंतर त्यांनी कोणत्याही नव्या सुनेला झाडायला शिकवलेलं मी ऐकलं नाही. पण बंद करा असंही त्या कोणाला म्हणाल्या नाहीत.

अक्कांच्या ओळखीनं तिरुवल्लिकेणीला एक खोली मिळाली, नोकरीसाठी एकटे राहणाऱ्या पुरुषांच्या मोठ्या इमारतींच्या मागच्या गल्लीत. त्या पुरुषांच्या लुंग्या दिवसभर गॅलरीत वाळत असतात. हे बसनं जातात-येतात. दुकानात अंघोळ करतात, दारात पुन्हा हातपाय धुतात, तरी मी त्यांना लगेच मुलीला उचलू देत नाही. सुरुवातीला ती त्यांच्याकडे झेपावायची. आता झेपावत नाही.

ती आता साडेचार वर्षांची आहे. अंगणवाडीत अडीच वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभी राहते, आणि उंचीनं त्यांच्यातच शोभते. वजन हळूहळू चढलं. उंची फार मागे राहिली. शब्द येतात, पण दोन जोडून तिसरा यायला वेळ लागतो. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. आकडा खाली आला, मग थांबला. डॉक्टरीणबाईनं सांगितलं की ते हाडांत जाऊन बसतं, आणि हाडांतून फार सावकाश सुटतं, वर्षानुवर्षं. मी विचारलं, उंचीचं काय? ती म्हणाली, "खायला घालत रहा. बघू." ती खोटं बोलत नाही म्हणून मला ती आवडते, आणि म्हणूनच तिच्याकडे जायची भीती वाटते. मी देवाकडे हिची हाडं वाढू देत म्हणून मागते, आणि मागताना आठवतं की त्या हाडांतच ते आहे.

मी आता ओल्या फडक्यानं दिवसातून चार वेळा फरशी पुसते. पाणी लगेच ओतते. इथं भट्टी नाही, धूळ साधी आहे, हे मला कळतं. तरी माझे हात थांबत नाहीत. मुलीचा हात तोंडाकडे गेला की मी जिथं असेन तिथून ओरडते. मला ओरडता येतं हे मला माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात तिनं खाली पडलेली फुटाण्याची डाळ उचलून खाल्ली आणि मी तिच्या हातावर मारलं. एकदा नाही. तिच्या हातावर माझ्या बोटांचे वळ उठले. ती रडलीही नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

तेव्हापासून मी जवळ आले की ती दोन्ही हात पाठीमागे नेते.

आज दुपारी पण नेले. मी वरण-भात कालवून समोर बसले होते. "हात दाखव बघू," मी म्हणाले. मान हलवली. "मारणार नाही." हात मागेच. भात गार होत चालला होता. माझ्या मनात नेहमीचाच हिशोब चालू होता, इतका गेला पाहिजे, निदान इतका तरी. शेवटी मी हात बघायचा नाद सोडला आणि घास पुढे केला. तिनं माझ्या डोळ्यांत बघत तोंड उघडलं. हात पाठीमागेच ठेवून, अंगणवाडीत रांगेत उभी राहते तशी उभी राहून, तिनं नऊ घास खाल्ले. दहाव्याला मान फिरवली. मी आग्रह केला नाही. उरलेला भात मी खाल्ला, आणि ती समोर तशीच उभी होती.